खराब लादी मागणारे सर

खराब बर्फ द्या, असं म्हणणारा माणूस मला उभ्या जन्मात एकच भेटला.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण बर्फातलं मला कुणी काही शिकवायचं न्हाई. येलदरीला धरणाच्या खालच्या अंगाला माझा बर्फाचा कारखाना हाय. भोई लोकं धरणातली मासळी काढतेत अन् माझ्या बर्फात घालून जिंतूरला, परभणीला पाठवतेत. लोखंडी डब्यात पाणी भरायचं, डबे खाऱ्या पाण्याच्या थंडगार हौदात सोडायचे, मशीन बंद पडू द्यायची न्हाई, अन् दीड-दोन दिवसांनी डबा उलटा केला की लादी घसरून बाहेर. सांगायला येवढंच हाय. पण लादी काचेसारखी निघते का दुधासारखी, हे करणाऱ्याच्या हातावर हाय. पाण्यातली हवा आत अडकून बसली की लादी पांढरी पडते. तशी लादी मी पोत्याखाली झाकून ठेवायचो अन् फोडून मासळीवर टाकायचो. लग्नाच्या जेवणावळीला, रसवंतीला मी ती कधी दिली न्हाई. इज्जतीचा सवाल.

तर एक दिवस सर आले. पांढरा सदरा, खिशाला दोन पेन, गळ्यात शबनम पिशवी. पिशवीत काहीतरी लय वजनाचं, कारण माणूस एका बाजूला वाकून चालायला होता. नमस्कार केला अन् सरळ लाद्यांकडं गेले. एका लादीला कान लावला. दुसरीला लावला. माझी माणसं काम सोडून बघायला लागली. पाच-सहा लाद्या झाल्यावर मान हलवून मला म्हणले, "यांच्यात काही नाही. खराब असेल तर द्या."

मी म्हणलो, "माझ्याकडं खराब लादी मिळत न्हाई."

"मग ती कोणती?" त्यांचं बोट बराबर पोत्याकडं.

"ती मासळीची हाय."

पोतं बाजूला सारून ते गुडघ्यावर बसले, कान लावला अन् चष्म्याआड डोळे मिटले. बराच वेळ तसेच. मला वाटलं माणसाला भोवळ आली. तेवढ्यात म्हणले, "हीच. हीच द्या."

त्यांनी ती लादी गोणपाटात गुंडाळली अन् एसटीनं न्यायला निघाले. कुठं? तर सोनपेठला! जिंतूर, परभणी अन् मग सोनपेठ, तीन गाड्या बदलून. मागून मला कळालं की परभणीच्या पुढं कंडक्टरनं गाडी थांबवून सगळ्यांचे पाय वर घ्यायला लावले, कारण मागच्या सीटखालून पाण्याचा ओढा पुढं यायला होता. सोनपेठला उतरले तेव्हा हातात नारळायेवढा गोळा राहिला होता.

आठ दिवसांनी माणूस ट्रंक घेऊन परत हजर. म्हणले, "मालक, लादी माझ्याकडं येऊ शकत नाही. मग मीच लादीकडं आलो. तुमची ती पत्र्याची खोली भाड्यानं द्या."

अशानं ते माझे भाडेकरू झाले अन् पुढं सहा वर्षं राहिले.

सर सोनपेठला भूगोल शिकवायचे. पोरं त्यांना मागून ध्रुवबाळ म्हणायची, अन् हे त्यांना माहीत होतं. बायको वारली होती, एकुलती लेक परभणीला नोकरीला होती. रिटायर होऊन दोन वर्षं झालेली. त्यांनी मला सगळा खुलासा केला तो असा. भूगोलाच्या पुस्तकात शेवटी दक्षिण ध्रुवाच्या थंड प्रदेशाचा धडा असतो. तो यायचा ऐन परीक्षेच्या तोंडावर, बाहेर बेचाळीस डिग्री ऊन. तीस वर्षं हे तोच धडा शिकवायले. एका वर्षी एका पोरीनं हात वर केला अन् विचारलं, "सर, तिथं आवाज कसा येतो?"

"मालक, मी तापमान सांगू शकत होतो, खोली सांगू शकत होतो, दिवस किती महिन्यांचा ते सांगू शकत होतो. आवाज मला माहीत नव्हता. मी तिला म्हणालो, परीक्षेत येत नाही, खाली बस." मग म्हणले, "ती बसली. मी त्या दिवसापासून उभा आहे."

आता कुणी म्हणेल मोबाईलवर सगळं ऐकायला मिळतं. माझ्या पुतण्यानं बी त्यांना दाखवलं होतं. बर्फाचे डोंगर, निळं पाणी, अन् वरून कुणीतरी व्हायोलिन वाजवायलंय, एक गोरा इंग्रजीत बोलायलाय. सर भडकले. "हा माणूस दोन मिनिटं गप्प बसला असता तर!" मग म्हणले, "शिवाय ही डबीतली गोष्ट. मला डबीशी जुळवायचं नाही. जो तिथं उभा राहून आलाय त्याच्या कानाशी जुळवायचंय."

त्यांच्या खोलीत पलंग सोडला तर माणसाच्या उपयोगाचं काही नव्हतं. पूर्णेच्या पात्रातले गोटे, लहान-मोठे दोनेकशे तरी असतील. वाळलेले भोपळे, आतून कोरलेले. कडब्याच्या पेंढ्या. बांबूची नळकांडी. एक जुनी दगडी डोणी, जनावरं पाणी पितेत तसली. गोटा निवडायची त्यांची रीत वेगळी. नदीत उभं राहून गोटा उचलायचा अन् समोरच्या दातावर हळूच ठोकायचा. म्हणायचे, कानाला बाहेरचं ऐकू येतं, दाताला आतलं. एक दात त्या नादात थोडा फुटला बी. पण दातावर ठोकल्याशिवाय एक गोटा त्यांनी पिशवीत टाकला न्हाई.

या सगळ्याचं ते एक वाजवणं बसवायले होते, वीस मिनिटांचं. त्याला त्यांनी नाव ठेवलं होतं 'खालची बाजू'. नकाशाची खालची बाजू, जिथं वर्गातला नकाशा सगळ्यात आधी फाटतो. आधी भोपळ्याच्या तोंडावर फुंकून वारा. मग बर्फावर चालणाऱ्या माणसाची पावलं. मग ओले गोटे एकमेकांवर घासून तरंगत्या बर्फाची टक्कर. अन् शेवटी बर्फ स्वतः.

पावलांवर वर्ष गेलं. मीठ झालं, साखर झाली, वाळू झाली, काही जमेना. एका चैत्रात माझ्या बायकोनं कुरडयांसाठी गहू भिजवून चीक काढला होता. त्यातला थोडा ताटात वाळून पांढरी भुकटी झाली. सर चहाला आले होते. त्यांनी सहज ती चिमटीत दाबली अन् जागच्या जागी उभे राहिले.

"ताई, हे काय आहे?"

"चीक हाय, सर. वाळला."

"आणखी आहे?"

त्या वर्षी आमच्याकडं कुरडया झाल्याच न्हाईत. सरांनी सगळा चीक उन्हात वाळवला, जाड कापडाच्या दोन पिशव्यांत भरला अन् हातानं दाबायला लागले. करकुच, करकुच. मी बर्फाचा माणूस, पण डोळे मिटले तर खरंच वाटावं कुणीतरी भुसभुशीत बर्फातून चालत यायलंय. बायको मात्र चिडली. "सर, त्या बर्फात चालणाऱ्या माणसाला सांगा, पावलं जपून टाक, माझ्या सहा किलो गव्हावरून चालायलास."

पुढच्या वर्षीपासून ती चिकाचा डबा लपवून ठेवायला लागली, अन् सरांना तो दर वर्षी सापडायचा.

शेवटचा भाग बर्फाचा. त्याच्यावरून माझी अन् सरांची हमेशा जुंपायची. ते दगडी डोणीत धरणाचं कोमट पाणी भरायचे, त्यात पांढऱ्या लादीचा मोठा तुकडा सोडायचे. पाण्यात बांबू उभा, बांबूच्या वरच्या तोंडावर कोरलेला भोपळा, म्हणजे आवाज मोठा होतो. बर्फ विरघळायला लागला की आतली हवा सुटायची. तड, तड, टिक, तड. बारीक. सर सांगायचे, तिकडं बर्फावर बर्फ पडत जातो, मधली हवा दाबून दाबून बंद होते, अन् तो तुकडा समुद्रात आला की हजारो वर्षांची हवा अशी फुटून बाहेर पडते.

मी म्हणलो, "माझ्या लादीतली हवा परवाची हाय."

"परवाची तर परवाची. सुटल्याचा आनंद तोच."

मी म्हणायचो, "पण सर, मी काचेसारखी लादी देतो, ती घ्या की. ह्या मासळीच्या लादीला वास येतो. तुमच्या शेजारी लोकं बसतील कसे?" ते ऐकायचे न्हाईत. मला मनातून लय लागायचं. माझ्या कारखान्यातली सगळ्यात वाईट वस्तू हा माणूस लोकांपुढं ठेवायला निघालाय, अन् वर सांगणार की येलदरीच्या मालकांची लादी हाय.

लोकांपुढं ते एकदाच वाजवायला बसले. ताडकळसच्या एका गणेश मंडळानं बोलवलं होतं. पत्रिकेत छापलं होतं 'संगीताचा कार्यक्रम', त्यामुळं बायाबापड्या भजन ऐकायच्या तयारीनं आलेल्या. लादी घेऊन मी टेम्पोत गेलो होतो. सरांनी आधी दक्षिणेकडच्या बर्फाचं दोन वाक्यांत सांगितलं, मग भोपळा फुंकला, पिशव्या दाबल्या, गोटे घासले, बर्फ सोडला. वीस मिनिटं झाली. सर हात जोडून उभे राहिले. मंडळाचा अध्यक्ष माइकवर म्हणला, "सरांची सगळी जुळवाजुळव झालेली हाय. आता सर वाजवायला सुरुवात करतील."

सर म्हणले, "झालं. संपलं."

"काय संपलं?"

"वाजवणं."

मग जे हसू फुटलं! एक जण ओरडला, "सर, फ्रीजचं दार उघडं राहिलं होतं का?" सर मात्र शांत, गोटे पुसून पिशवीत ठेवायले. तेवढ्यात बायांच्या मधून एक म्हातारी उठली, काठी टेकत पुढं आली अन् म्हणली, "तुमी ते दक्षिणेकडच्या बर्फाचं म्हणले का, जिथं माणूस राहत न्हाई?"

"हो, आजी."

"माझं पोरगं तिथंच हाय की. मेकॅनिक हाय. सरकारनं नेलंय, बर्फातल्या गाड्या दुरुस्त करायला. फाल्गुनाला येतो म्हणलाय."

सरांच्या हातातला गोटा खाली पडला. चार वर्षांत त्यांच्या हातून गोटा पडलेला मी तेव्हाच बघितला.

म्हातारी म्हणली फोन लावून देते, तो बर्फावरून बोलतो कधी कधी. सर म्हणले, "नको. फोनवर नको. त्याला येऊ द्या. समोर बसून ऐकू द्या."

त्या दिवसापासून सर फाल्गुनाची वाट बघायला लागले. पण मधी हिवाळा होता, अन् हिवाळ्यात ते पडले. लादी स्वतः उचलायला गेले, कारखान्याची फरशी ओली, पाय सरकला, मनगट मोडलं. लेक परभणीहून धावत आली. सरळ बोलणारी पोरगी. बापाच्या हाताचं प्लास्टर बघितलं, बर्फानं सुजलेली बोटं बघितली, खोलीतले गोटे बघितले अन् मला म्हणली, "काका, तुम्हीच सांगा, चौसष्ट वर्षांच्या माणसानं असं राहावं का?"

पोरगी खरं बोलायली होती. अन् मला खरं सांगायचं तर, ते जाऊ नयेत असं वाटायलं होतं. चार वर्षं ज्याच्याशी रोज भांडलो, तो गेल्यावर मी भांडू कुणाशी? पण हे मी तोंडानं बोलणारा माणूस न्हाई. मी म्हणलो, "तुमचा घरातला मामला हाय, बाई."

सरांनी तिच्याशी करार केला. ते म्हणले, "ताडकळसचा मुलगा येऊ दे. त्यानं ऐकून 'असंच असतं' म्हटलं तर मी इथंच राहीन आणि तू पुन्हा हा विषय काढायचा नाही. 'नाही' म्हणाला, तर चार वर्षं मी आपला उगाच गोटे वाजवत बसलो, हे मी मान्य करीन. खोलीला कुलूप लावून तुझ्यासोबत येईन. गोटे नदीत."

"नक्की, बाबा?"

"नक्की."

ती म्हणली, "कुलूप मी आणीन."

आता माझी चूक सांगतो. ती टाळली असती तर हे सगळं लिहायची गरज नव्हती.

मेकॅनिक गावाला आल्याचा निरोप आला. रविवारी येतो म्हणला. सरांचं प्लास्टर निघालं होतं, पण मनगटात जोर नव्हता. लाद्या इकडंतिकडं सरकवून कान लावणं जमेना. ते मला म्हणले, "मालक, लादी तुमच्यावर सोडतो. नेहमीचीच द्या."

मी म्हणलो, "हाव, हाव."

अन् घरी येऊन विचार करत बसलो. कोण येणार? तर जिथं बर्फाचा डोंगर मैलभर जाड हाय, तिथं वर्षभर राहून आलेला माणूस. त्याच्यापुढं माझी मासळीची लादी ठेवायची? तो ताडकळसला जाऊन सांगणार काय, की येलदरीवाल्याला बर्फ जमत न्हाई? अन् सरांचं सगळं आयुष्य ज्या लादीवर टांगलंय, ती लादी मी वास मारणारी द्यायची? माझ्या दिमागात शिरलं ते शिरलं. आवाज हवेचा असतो हे सर चार वर्षं सांगायले होते, पण नावाच्या नादात मी ते साफ विसरलो. मी पाणी उकळलं. फडक्यानं दोनदा गाळलं. डब्यात सोडल्यावर हवेची नळी लावून सारखं हलवत ठेवलं, म्हणजे बुडबुडा बसू नये. मधला गढूळ गाभा राहतो, तो नळीनं ओढून काढून तिथं पुन्हा स्वच्छ पाणी भरलं. तीन दिवस मशीनपाशी बसून होतो. लादी निघाली ती अशी, की पलीकडं वर्तमानपत्र धरलं तर अक्षर वाचता यावं. माझ्या हातची अशी लादी आजवर निघाली नव्हती. मी तिला पांढऱ्या कापडात गुंडाळली.

रविवारी सकाळी सगळे जमले. मेकॅनिक मोटारसायकलवर आला, मागं त्याची आई. पस्तिशीचा, रापलेला, कमी बोलणारा माणूस. सरांची लेक परभणीहून आली होती. तिच्या पर्समधलं नवं कुलूप मला दिसलं, पिवळं, कागदाचं लेबल अजून लटकायलेलं. माझी बायको दारात. मासळी पोचवून आलेले दोघं-तिघं भोई कुंपणापाशी. बाहेर पत्रा तापायला सुरुवात झाली होती.

सरांनी वारा वाजवला. मेकॅनिक मांडी घालून बसला होता, तो हलला न्हाई. मग सरांनी डाव्या हातानं पिशव्या दाबल्या. करकुच, करकुच. त्यानं एकदम स्वतःच्या पायांकडं बघितलं. त्याची आई मला कोपरानं ढोसून म्हणली, "बघा, बघा." मग गोटे. तो मान हलवायला लागला, हळूहळू. सरांच्या तोंडावर रंग चढायला लागला. लेक कुलपाचं लेबल बोटानं कुरवाळायली होती.

मग बर्फ. मी माझ्या हातानं लादीचा तुकडा डोणीत सोडला.

ताड्! एकच आवाज झाला, कानाखाली वाजवल्यासारखा. तुकडा मधोमध तडकला अन् मग गप्प. आमी सगळे वाट बघायलो. सर बांबूला कान लावून बसले. एक मिनिट गेलं. दोन गेली. पाण्यात ती काच तरंगायली होती, सुंदर दिसायली होती, अन् मुकी. आत हवाच न्हाई तर बोलेल काय? सरांनी मान उचलून माझ्याकडं बघितलं. त्यांना कळालं होतं.

मेकॅनिकनं घसा साफ केला. "सर, खरं सांगू का बरं सांगू?"

"खरं."

"चालणं बराबर हाय. अंगावर काटा आला. वारा बी जवळजवळ तसाच. पण बर्फ न्हाई, सर. तिकडचा बर्फ असा गप बसत न्हाई."

सर म्हणले, "ठीक आहे." मग लेकीकडं वळून, "चल. बॅग भरतो."

पोरगी जिंकली होती, पण तिच्या तोंडावर जिंकल्याचं काही नव्हतं. सर खाली वाकले अन् गोटे पिशवीत टाकायला लागले. एक, दोन, तीन. दातावर न ठोकता. नदीत टाकायच्या गोट्याचा आवाज कशाला बघायचा?

मी माझ्या बापापुढं कधी चुकलो म्हणलो न्हाई. बायकोपुढं तर न्हाईच न्हाई. एकदा मशीनच्या मिस्त्रीशी वाद झाला, तो बराबर निघाला, तर मी मिस्त्री बदलला पण चूक कबूल केली न्हाई. असा माझा स्वभाव. मला वाटलं, गप्प बसावं. सर तर काही बोलायले न्हाईत, कुणाला कळायचं न्हाई. चौथा गोटा पिशवीत पडला. पाचवा पडला.

"थांबा!" मी म्हणलो. आवाज माझाच, पण मला ओळखू येईना. "बर्फ माझा चुकला. सरांचं काही चुकलं न्हाई. सरांनी नेहमीची लादी मागितली होती. मी... मी चांगली केली."

मेकॅनिक म्हणला, "चांगली केली म्हणजे?"

"पाणी उकळलं, गाळलं, हवा काढली. तुमाला दाखवायला. माझं नाव व्हावं म्हणून."

दारातून बायको म्हणली, "काय म्हणले? पुन्हा एकदा म्हणा. चुकलं म्हणले का?"

भोई हसले. मी त्यांच्याकडं बघितलं न्हाई, सरळ कारखान्यात गेलो. पोत्याखाली मासळीसाठी ठेवलेली लादी होती, पांढरीफटक, एका कोपऱ्याला रोहूचे दोन खवले चिकटलेले. आकड्यानं ओढत आणली, तिथंच फोडली. सर सरळ होऊन उभे होते. मी डोणीतली काच उपसून फेकली, कोमट पाणी घातलं अन् पांढरा तुकडा सोडला.

आधी काही न्हाई. मग एक, तड. मग टिक, टिक. मग बांबूतून वर चढून भोपळ्यात तो आवाज असा भरला, जसं लांब कुठंतरी तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटायल्यात. तड तड, टिक, तडतड तड. पत्र्यावरचं ऊन, कुंपणापाशी भोयांचं कुजबुजणं, सगळं थांबल्यासारखं.

मेकॅनिकनं डोळे मिटले होते. उघडले तेव्हा ते ओले होते. आईकडं बघून म्हणला, "माय, पहिल्या दिवशी जहाजावरून हेच ऐकलं होतं. सगळा समुद्र लाह्या फोडायला होता. मला तुझी चूल आठवली होती."

सरांनी विचारलं, "असंच?" त्यांचा आवाज वर्गात हात वर करणाऱ्या पोरासारखा झाला होता.

"असंच, सर. शंभर टक्के असंच."

सर खाली बसले. बसले म्हणजे धपकन बसले. लेक धावली, तर ते हसायले होते. मला म्हणले, "मालक, तुम्ही त्या पहिल्या लादीला इतकं धुतलं, की तिचं तोंडच बंद करून टाकलं."

मी म्हणलो, "वासाचं तेवढं माफ करा, पाहुणे. मासळीची लादी हाय."

मेकॅनिकनं नाक वर करून हुंगलं अन् एकदम मोठ्यानं हसला. "मामा, वास तर त्याहून बराबर हाय! तिथं पेंग्विनांची वस्ती असते ना, हजारो पक्षी, सगळे मासे खाऊन बसलेले. दोन मैलांवरून हाच वास येतो. तुमच्या त्या काचेच्या लादीत तेच तर कमी होतं!"

मग जो हशा झाला, त्यात मी बी हसलो. सरांची लेक डोळे पुसत पुसत हसायली होती. तिनं हातातल्या कुलपाकडं बघितलं, आता ह्याचं काय करायचं अशा नजरेनं, अन् उठून माझ्या बायकोकडं गेली.

"काकू, हे घ्या. तुमच्या चिकाच्या डब्याला लावा. बाबांचा हात लागू देऊ नका."

बायकोनं त्याच दिवशी लावलं. पण किल्ल्या दोन्ही सरांनी काढून घेतल्या, कधी घेतल्या कुणाला कळालं न्हाई.

सर त्यानंतर दोन हिवाळे राहिले. लादी उचलायला माझी माणसं, कान लावायला सर. मग लेकीला लेकरू झालं अन् ते आपल्या पायानं परभणीला गेले. कुणी नेलं न्हाई. जाताना म्हणले, मला उत्तर मिळालंय, आता त्या लेकराचे प्रश्न सुरू होतील. गोटे नेले न्हाईत. माझ्याकडंच हायत, खोली मी कुणाला दिली न्हाई.

डब्याचं कुलूप अजून तेच. तोडायला दोन मिनिटं लागतील, माझ्याकडं बर्फ फोडायचा हातोडा हाय. पण तोडायचं न्हाई, हे घरात ठरलंय. चैत्रात बायको गहू भिजवती अन् परभणीला फोन लावती, "सर, डबा उघडायचाय." दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं सर किल्ली घेऊन हजर. आधी नदीत जातेत. येताना पिशवी जड असती.

मी त्या दिवसासाठी लादी करून ठेवतो. पाणी उकळत न्हाई, गाळत न्हाई. हवा राहू देतो.